पुढचं चाक

कोपर, डोंबिवली (पश्चिम)
रविवार, १९ जानेवारी २०२५

विनीत यांना जय भीम, आणि नमस्कारही.

तुम्ही मला अगदीच ओळखत नाही असं नाही. दहा वर्षांपूर्वी तुम्ही फोनवर म्हणाला होतात, "काकू, काकांना जरा जिना चढून यायला सांगा ना." मी त्याच काकू. राजरत्न यांची बायको, माया.

हे गेले. १४ मार्च २०२३ ला, हृदयाच्या दुखण्याने. तुम्हाला कोणी कळवलं नसणार. कारखान्यातल्या लोकांना, नातेवाइकांना, विहारातल्या मंडळींना फोन गेले. पण यांचे रविवार ज्यांच्याबरोबर गेले त्यांच्यातलं एकही नाव माझ्या डायरीत नव्हतं. त्याबद्दल आधी माफी मागते.

आता का लिहिते ते सांगते. डिसेंबरात मला यांचे जुने फोटो हवे होते, म्हणून शेजारच्या मेघनाताईंकडून यांचा कॉम्प्युटर चालू करून घेतला. त्या कॉम्प्युटरचे क्लास घेतात. फोटो मिळाले, आणि ईमेलच्या पेटीत एकाच माणसाची आठ पत्रं मिळाली. बरोबर तीन-तीन महिन्यांनी आलेली. मेघनाताई म्हणाल्या, "जाहिराती असतील, पुसू का?" मी म्हटलं, वाचा तर खरं.

तो माणूस म्हणजे इंटरनेटवर तुमची मंडळी जिथे लिहितात त्या फोरमचा कारभार बघणारे पोलंडचे गृहस्थ. तिथे त्यांचं नाव 'जुना बोल्ट' अशा अर्थाचं आहे, म्हणून मी त्यांना बोल्टसाहेब म्हणते. तेव्हापासून मी तो फोरम वाचते आहे. आठवीत शाळा सुटली, पण वाचायचं सुटलं नाही. इंग्रजीला शब्दकोश लागतो, तो मांडीवर असतो. मला समजलं ते माझ्या शब्दांत लिहिते, चुकलं तर हसा.

लढाऊ विमानं उडवायचा तुमचा खेळ आहे. त्यात जे विमान नाही ते कोणीतरी घरी बसून, महिने-वर्षं खपून बनवतो आणि सगळ्यांना तसंच वापरायला देतो. त्याला तुम्ही मॉड म्हणता. यांनी आणि तुम्ही नॅट बनवलंत, आपल्या हवाई दलाचं ते जुनं, छोटं लढाऊ विमान. लहानपणी शाळेच्या सहलीत यांनी ते विमान चबुतऱ्यावर ठेवलेलं बघितलं होतं, तेवढ्यावरून पन्नाशीत हा उद्योग. सांगाडा आणि वैमानिकाच्या पुढ्यातली घड्याळं यांची. ते उडतं कसं, धावतं कसं, आवाज कसा करतं, ते सगळं तुमचं. मी एकदा म्हटलं होतं, "विहारात जाता आणि घरी बसून बंदुकीचं विमान करता?" तर म्हणाले, "अगं, मी कुठे झाडतो? मी उडवतो आणि उतरवतो." ते खरं होतं. मी चहा घेऊन जायची तेव्हा नेहमी उतरतच असायचे.

तर, खेळाची नवीन आवृत्ती आली आणि हे विमान उघडेनासं झालं. दुरुस्ती एका दिवसाची, असं बोल्टसाहेब लिहितात. पण विमानाबरोबर जी रीडमी फाईल असते, कोणी काय केलं ते सांगणारी, तिच्यात यांनी एक ओळ लिहून ठेवलेली: 'यात काहीही बदलायचं तर आधी मला विचारा. राजरत्न, डोंबिवली.' म्हणून ते विचारत राहिले. सर, आपली तब्येत बरी असेल अशी आशा आहे. सर, आपण कामात असाल. सर, घाई नाही. दोन वर्षं उत्तर नाही, म्हणून दोन वर्षं कोणी हात लावला नाही. तिथे ना कुलूप, ना वॉचमन. एका ओळीसाठी एवढी माणसं थांबून राहिली. हे वाचलं त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नाही.

मी मेघनाताईंकडून चार ओळी लिहून घेऊन कळवलं. मग त्यांनी विचारलं, आता परवानगी तुमची लागेल, तुमची इच्छा काय? नवरा गेल्यावर माझ्या सह्या पुष्कळ कागदांवर झाल्या. इच्छा कोणी विचारली नव्हती. मी हो म्हटलं.

आता तुमच्याकडचं काम. आवाज तुमचे आहेत. २०१९ मध्ये तुम्ही ते काढून घेतलेत, आणि तुमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे ते तुमच्या होकाराशिवाय कोणी परत घालणार नाही. विमान दुरुस्त होईल, पण मुकं. तुमच्यात आणि यांच्यात तेव्हा काय झालं ते मला फारसं माहीत नाही, आणि जुनं उकरायला मी लिहीत नाहीये. आवाज देता आले तर तिथल्या लोकांना आनंद होईल. यांच्या नावाने ते विमान परत येणार आहे.

तुमचा नौपाड्याचा पत्ता यांच्या वहीत मिळाला. इतक्या जवळ राहता आणि कधी घरी आला नाहीत. तो फोन सोडला तर सगळं त्या पडद्यावरच.

माया


कोपर
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

विनीत यांना,

तुमचा पेन ड्राइव्ह मंगळवारी कुरियरने मिळाला. पत्र पोचल्यावर चार दिवसांत तुम्ही पाठवलात. मी तुमच्या चिठ्ठीची इतकी तयारी करून बसले होते, नकाराची, रागाची, की साधी दोन वाक्यं वाचायला मला वेळ लागला. 'काकू, काका गेल्याचं वाचून दिवसभर काही सुचलं नाही. आवाज सगळे घ्या, फक्त माझं नाव कुठे घालू नका, त्या नावाचं विमान तिथे कोणी डाउनलोड करणार नाही.'

तुमचे आभार कसे मानायचे मला कळत नाही, म्हणून काय काय ऐकलं ते सांगते.

मेघनाताईंनी एकेक फाईल लावली. पहिली, विमानाचं काचेचं झाकण बंद होतं त्याचा आवाज. मी म्हटलं, "अहो, हे तर आमचं कपाट!" उठून आमच्या लोखंडी कपाटाची मूठ फिरवून दाखवली. तोच खटका. तीस वर्षं मी त्यात साड्या ठेवते आहे, आणि जगातली माणसं त्याच्या आत बसून आकाशात जातात. मग इंजिन. त्याच्या मागे लांबून एक शिट्टी. तिचा किस्सा मी फोरमवर वाचलाच होता. कॅनडाच्या कोणीतरी विचारलेलं की ही कसली धोक्याची सूचना आहे, मला सापडत नाही. आणि यांनी उत्तर दिलेलं, 'डाळ शिजली.' तुम्ही शिट्टी काढून टाकणार होतात, तर लोकांनीच काढू दिली नाही. तेव्हापासून कोणी नीट उतरला की बाकीचे लिहायचे, डाळ शिजली. माझा कुकर आहे तो. त्याच्या झाकणाची रिंग मी या आठवड्यात बदलली.

आणि मग तो श्वास.

तुम्हाला आठवत असेल. वैमानिकाने जोराची गिरकी घेतली की त्याला धाप लागते, तो आवाज हवा होता. यांनी खुर्चीत बसून धापा टाकल्या तर तुम्ही म्हणालात, खोट्या वाटतात. मग जिना. मी फोन धरून दारात उभी.

"काका, अजून एक मजला."

"अरे बाबा, बिल्डिंग तीनच मजल्यांची आहे!"

"मग गच्चीवर जाऊन या."

पहिल्या मजल्यावरचे काळुराम दार उघडून विचारतात, "राजाभाऊ, मागे पोलीस लागलेत का?" हे म्हणतात, "नाही हो, मिग लागलंय!" आणि वर येऊन माइकला तोंड लावून उभे. लाल झालेले, केस कपाळाला चिकटलेले, आणि हसू दाबून धापा टाकतायत. चौपन्न वर्षांचा माणूस. मी केवढी ओरडले होते.

त्या फाईलमध्ये शेवटी ते हसू एका बाजूने जरासं निसटलंय. मला ठाऊक आहे म्हणून कळतं.

मेघनाताईंनी विचारलं, "परत लावू?" मी म्हटलं, आज नको.

तुम्ही हे जपून ठेवलंत. भांडण झाल्यावर, तिथून निघून गेल्यावर, सहा वर्षं. टाकून दिलं असतंत तरी कोणी विचारायला आलं नसतं. आणखी लिहायचं होतं, पण गॅसवर दूध आहे.

माया


कोपर
रविवार, २ मार्च २०२५

विनीत यांना,

गॅसवर दूध नव्हतं.

आणि पहिल्या पत्रात मी लिहिलं की तुमच्यात काय झालं ते मला फारसं माहीत नाही, तेही खरं नव्हतं. पत्र लिहायला बसले त्याच्या आदल्या आठवड्यात मला सगळं कळलेलं होतं. तरी मी आधी आवाज मागितले. आधी सांगून मग मागायला हवं होतं. मी उलटं केलं, कारण सांगितल्यावर तुम्ही दिले नसतेत अशी भीती होती.

यांनी विमानाची एक वही ठेवली होती. ड्राफ्ट्समनची सवय. कारखान्यात ड्रॉइंगच्या कोपऱ्यात चौकट असते, कुठल्या तारखेला काय बदललं, कोणी बदललं, आणि सही. तशीच घरी वही. त्यातल्या पाच ओळी खाली उतरवते. पानांची झेरॉक्स सोबत आहे.

'२० ऑगस्ट २०१८. पुढचं चाक डमी लावलं, उंची बघायला. विनीतचं आलं की काढायचं. रा.'

'५ मे २०१९. मागची पानं बघितली. चाक मीच. विनीत नाही. फोरमवर लिहायचं. रा.'

'१ सप्टेंबर २०१९. चाकाचं लिहायचं राहिलं. रा.'

'११ एप्रिल २०२१. चाक.'

'८ जानेवारी २०२३. चाक. विनीतला आधी.'

तुम्हाला एवढ्यावरून कळलं असेल. मला मेघनाताईंनी समजावलं आणि बाकी मी फोरमवर वाचलं. सांगाडा जमिनीवर नीट उभा राहतो का ते बघायला यांनी दुसऱ्या माणसाच्या विमानाचं तयार चाक आणून लावलं. माप घेऊन काढून टाकायचं होतं. विसरले. चाकं तुमच्या वाटणीची होती, पण यांच्याकडून आलेलं चाक त्यांनीच बनवलं असेल असं समजून तुम्ही ते राहू दिलंत. सगळं जुळवून विमान फोरमवर चढवलं गेलं ते तुमच्या नावाने. आणि ज्याचं चाक होतं त्या जर्मन माणसाने टायरच्या नक्षीत मुद्दाम एक खाच उलटी ठेवलेली होती. त्याने ओळखलं, आणि चोरीचा आळ तुमच्यावर आला.

तिथे लोकांनी तुम्हाला काय काय म्हटलं ते सगळं मी वाचलं आहे. शब्दकोश काढून वाचलं. तुम्ही एकच ओळ लिहिली होतीत, 'मी नाही घातलं, काकांना विचारा.' त्यांनी विचारलं. यांनी लिहिलं, 'चाकांचं मला काही माहीत नाही.' त्याच्यावर तुम्ही परत एक शब्द लिहिला नाहीत. तुमचं नाव बंद झालं.

हे बोलले तेव्हा त्यांना खरंच आठवत नव्हतं, एवढं मी त्यांच्या बाजूने म्हणेन. ती चूक होती. पण मे महिन्यात कळल्यावर चार वर्षं गप्प बसले, ते चुकून नव्हतं. तुमचा फोन लागत नव्हता हे खरं. पत्ता मात्र वहीच्या पहिल्या पानावर होता. तोच मी पाकिटावर लिहिते.

ते का गप्प बसले मला माहीत नाही. दर रविवारी मी त्याच खोलीत भाजी निवडत असायची, मला कधी बोलले नाहीत. कोणाच्या कामावर आपली सही चालणार नाही असं आयुष्यभर सांगणारा माणूस. कदाचित त्यामुळेच.

आता माझं. मला तो श्वास कशाला हवा होता तेही सांगते, कारण 'तिथल्या लोकांना आनंद होईल' हे कारण मी पुढे केलं होतं. शेवटचे पाच महिने यांना श्वास लागायचा. उशा लावून बसवायचं, आणि मी बाजूला बसून तो श्वास ऐकायची. दोन वर्षं माझ्या कानात तोच होता. जिना चढलेल्या धडधाकट माणसाचा श्वास या जगात एकाच ठिकाणी होता, तुमच्याकडे. तुम्ही दिलात, आणि काहीही न विचारता दिलात. ज्याने तुमचं नाव घालवलं त्याच्यासाठी दिवसभर काही सुचलं नाही असं लिहिलंत. ते वाचल्यावर मला ती फाईल दुसऱ्यांदा ऐकता येईना.

पेन ड्राइव्ह सोबत परत पाठवते आहे. मेघनाताईंनी प्रत काढली होती ती पुसायला लावली. पुसायच्या आधी त्यांनी दोनदा विचारलं, "मायाताई, नक्की?" नक्की. सगळं माहीत झाल्यावर द्यावंसं वाटलं तर द्या. नाही वाटलं तर तुमचं तुमच्याकडे.

बोल्टसाहेबांना मी विमान थांबवायला सांगितलं आहे. महिनाअखेर मी फोरमवर खरं लिहिणार. त्याला तुमची परवानगी मागत नाही, ते यांचं राहिलेलं काम आहे. पण तुमचं नाव त्यात परत चव्हाट्यावर येईल. ते नको असेल तर एका ओळीने कळवा, मी तुमचं नाव न घेता लिहिते.

माया


कोपर
रविवार, ६ एप्रिल २०२५

विनीत यांना,

तुमची ओळ आली नाही. मी ३१ तारखेपर्यंत वाट बघितली आणि लिहिलं. तुमच्या नावासकट.

इंग्रजी मेघनाताईंनी केलं. त्या म्हणाल्या, "'चूक' लिहू की 'गैरसमज'? 'गैरसमज' जरा बरं वाटेल." मी म्हटलं, "कोणाला बरं वाटेल? चूक लिहा. आणि मे महिन्याच्या पुढचं आहे त्याला चूकही म्हणू नका. 'माहीत असून बोलले नाहीत' असं लिहा." वहीच्या पानांचे फोटो जोडले. खाली माझं नाव आणि मराठीत सही.

मग एकाने लिहिलं की मेलेल्या माणसावर हे कशाला. मी उत्तर द्यायला लावलं, 'मेलेला माणूस माझा होता, आणि ज्याच्यावर आळ आला तो जिवंत आहे.' मग चाकवाल्या जर्मन माणसाने लिहिलं. त्याचं वाक्य मी जसंच्या तसं ठेवते: 'मला विचारलं असतं तर मी दिलंच असतं. पण मीही विनीतला नीट विचारलं नाही, सरळ ओरडलो.' त्याच्यामागून बाकीचे आले. कोणी काय म्हटलं होतं ते ज्याने त्याने स्वतः शोधून त्याखाली माफी लिहिली. एकेक करून बावीस जण. बोल्टसाहेबांनी त्या जुन्या पानाच्या सगळ्यात वर, पहिल्यांदा उघडताच दिसेल असं, खरं काय ते घातलं. तुमचं नाव उघडलं आहे. तुम्ही जा किंवा जाऊ नका, दार उघडं आहे.

बोल्टसाहेबांनी मला वेगळं विचारलं की विमानावर आता 'राजरत्न यांच्या स्मरणार्थ' घालायचं का. दोन दिवस विचार केला. घाला म्हटलं. बाराशे घड्याळकाटे आणि आकडे यांनी हाताने काढले, तेही खरंच आहे. पण त्याच रीडमीत चाकाचंही लिहा. दोन्ही एकाच पानावर असू देत.

विमान परवा आलं. चाकवाल्याने नवीन चाक स्वतः करून दिलं, यांच्या मापाचं, आणि आपली खाच त्यात ठेवली नाही. आवाज नाहीत. मेघनाताईंनी उडवून दाखवलं. काच बंद झाली ती गुपचूप. मी कपाटाची मूठ फिरवली, तर त्या हसायला लागल्या.

हे पत्र उत्तरासाठी नाही. एक सांगायचं राहिलं होतं. सहा वर्षं हे रविवारी सकाळी उठून गाणं गुणगुणत दाढी करायचे, कारण तुमच्याशी बोलायचं असायचं. कारखान्यात यांना सगळे साहेब म्हणायचे, नातेवाईक मोठे भाऊ म्हणायचे. बरोबरीने भांडणारं कोणी नव्हतं. तुम्ही म्हणायचात, "काका, हा काटा दोन अंश चुकलाय," आणि हे चिडायचे, मोजायचे, आणि जेवताना मला सांगायचे, "विनीतचं बरोबर निघालं गं." केवढ्या आनंदाने सांगायचे. त्याबद्दल कोणी तुमचे आभार मानले नाहीत. मी मानते.

माया


कोपर
रविवार, २० एप्रिल २०२५

चि. विनीत,

तू काल म्हणालास, काकू, अहो-जाहो नको. म्हणून हे.

तू आत आल्या आल्या जे वाक्य बोललास ते मी आज सकाळपासून तीन जणांना सांगितलं. "काकू, मजले अजून तीनच आहेत ना? मला पाच वाटले." काळुरामना पण सांगितलं. त्यांना आता गुडघ्यांनी बाहेर पडवत नाही, पण पोटभर हसले. म्हणाले, "याच्या मागे कोण लागलंय?"

तू पत्रांना उत्तर का दिलं नाहीस ते मी विचारणार नव्हते. तूच सांगितलंस. ते ऐकल्यावर मी पोह्यांचं निमित्त करून आत गेले, ते तुझ्या लक्षात आलं असेल. मला वाटत होतं की तुला सहा वर्षं राग असेल. रागाची मी तयारी केली होती. तू म्हणालास, "काकू, काका खोटं बोलणार नाहीत हे मला माहीत होतं. त्यांनी नाही म्हटलं, म्हणजे मीच कधीतरी घातलं असणार आणि विसरलो असणार. मी मलाच चोर समजत होतो." वहीची झेरॉक्स मिळाल्यावर सहा आठवडे तुला काही लिहिता आलं नाही, ते त्यामुळे.

यांचा तुझ्यावर जेवढा विश्वास असायला हवा होता, तेवढा तुझा यांच्यावर होता. याचं मी काय करू ते मला कळत नाही. तुला परत देता येईल असं माझ्याकडे काही नाही. पोहे होते, ते तू दोनदा घेतलेस.

वही तू मागितलीस तेव्हा मला वाटलं तुला ती पानं डोळ्यांनी बघायची असतील. तू शेवटच्या ओळीखाली पट्टी लावून रेघ मारलीस आणि लिहिलंस, '१९ एप्रिल २०२५. पुढचं चाक बदललं. आवाज परत घातले. वि.' यांनी चौकटी आखल्या होत्या तशाच चौकटीत. मी ती वही कपाटात ठेवली आहे, साड्यांच्या वर. रात्री बोल्टसाहेबांनी कळवलं की तुझे आवाज चढले, आणि रीडमीत तुझं नाव तुझ्या हाताने घातलं आहेस. लोक परत लिहायला लागलेत, डाळ शिजली.

पेन ड्राइव्ह तू टेबलावर ठेवून गेलास. तो मी घेतला. या वेळी मनात काही न ठेवता घेतला.

एक गोष्ट काल तुला सांगितली नाही, ती सांगून टाकते. माझ्याकडून तुला लिहिलेल्यात आता काही लपलेलं राहू नये. तू म्हणालास, बेल वाजवून पुष्कळ वेळ उभा होतो, वाटलं घरात कोणी नाही. मी म्हटलं, मागे गॅलरीत कपडे वाळत घालत होते.

मी दाराशीच होते. तुझी पावलं दुसऱ्या मजल्यापासून ऐकू येत होती, मी कडीला हात लावून उभी होते. तू बेल वाजवलीस आणि बाहेर धापा टाकत उभा राहिलास. तीन मजले घाईने चढलेला माणूस, आमच्या दाराबाहेर, धडधाकट.

म्हणून दार उघडायला उशीर झाला. तुझा श्वास खाली बसेपर्यंत मी आत उभी राहून ऐकत होते.

तुझी
मायाकाकू